ऐंशी मिनिटं बोलणारं कोणीतरी हवंय

११ फेब्रुवारी

बाबा,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तुम्ही ते न फोडता कपाटावर टाकाल, म्हणून वर आत्याचं नाव घातलंय. पाकीट तिनं फोडायचं आणि आतला कागद तुमच्या चष्म्याशेजारी ठेवायचा, एवढं ठरलंय. वाचून दाखवायला ती तयार नाही. "तुमच्या भांडणात मी पोस्टमन होईन, वकील होणार नाही," म्हणाली.

कामाचं आधी लिहिते. आठ मार्चला आपल्या देशाचा महिला रग्बी संघ शेजारच्या देशाशी खेळतोय. दोन सामने आहेत, पहिला आठ मार्चला, दुसरा बारा एप्रिलला. दोन्हींचे गुण मिळून जो पुढे असेल तो मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत जाणार. दोन्ही सामने आमच्या इथंच आहेत, कारण त्यांच्या मैदानात गटारासाठी खोदकाम काढलंय. मी कप्तान आहे. तुम्हाला हे माहीत नसणार. पेपरात आलं नव्हतं.

आता अडचण. संघटनेच्या सचिवांनी मला आणि आमच्या कोचबाईंना बोलावून घेतलं. चहा मागवला, तेव्हाच मला शंका आली. म्हणाले, "रिकाम्या खुर्च्यांसमोर संघ किती वर्षं पळवायचा, तुम्हीच सांगा. या दोन सामन्यांना लोक आले, कोणी पाहिलं, कोणी विचारलं, तर ठीक. नाहीतर पुढच्या वर्षीपासून महिला संघ बंद." बाहेर आल्यावर कोचबाईंनी जिन्याच्या कठड्यावर एक बुक्की मारली आणि मग हात चोळत खाली उतरल्या.

लोकांपर्यंत सामना पोचवायचा तर तो दाखवायला हवा. लग्नांचं शूटिंग करणारी एक बाई फुकट यायला तयार झाली आहे. कॅमेरा आहे, इंटरनेट आहे, मैदानालगतच्या गच्चीवर टेबल लावायची परवानगी आहे. आवाज नाही. आणि आवाजाशिवाय रग्बी म्हणजे नवख्या माणसाला नुसती झोंबाझोंबी. तीस माणसं ढिगाऱ्यात पडतात, उठतात, शिट्टी वाजते. का वाजली हे सांगणारं कोणी नसेल तर दहाव्या मिनिटाला माणूस उठून जातो.

मला तुमचा आवाज हवाय. तीस वर्षं रेडिओवर तुम्ही फुटबॉल सांगितलात, क्रिकेट सांगितलंत, हॉकी, पोहणं, सायकली. एकदा बुद्धिबळावर चाळीस मिनिटं बोललात, तेव्हा तर समोर कोणी हललंसुद्धा नव्हतं. रग्बीवर एक मिनिट नाही.

हेच वाक्य मी तुमच्या निरोप समारंभात बोलले होते, हे मला आठवतंय. लिहिताना हात थांबला नाही, कारण ते खोटं नाही. त्यासाठी हे पत्र नाही. पत्र सामन्यासाठी आहे.

— तुमची मुलगी

१७ फेब्रुवारी

बाबा,

आत्याचा फोन आला. कागद दोन दिवस टेबलावर होता, तिसऱ्या दिवशी तिथं नव्हता, आणि केरातही सापडला नाही. एवढ्या पुराव्यावर मी दुसरं पत्र लिहिते आहे.

तुम्ही एकदा म्हणाला होतात, "हा खेळ नाही, मारामारी आहे, फक्त कपडे एकसारखे घातलेत." तेव्हा मी दार आपटून निघून गेले. आज बसून उत्तर देते.

रग्बीत बॉल हातानं पुढे देता येत नाही. फक्त मागे, किंवा फार तर सरळ शेजारी. म्हणजे पुढे जायचं तर आधी मागे बघायचं, आपलं माणूस कुठं आहे ते हुडकायचं, त्याच्या हातात बॉल द्यायचा आणि मग त्याच्यासाठी जागा करायची. एकटीनं पळून कोणी फार लांब जात नाही. मारामारीत असला नियम ऐकलाय का तुम्ही?

दुसरं. यात कुठल्याही बांध्याला काम आहे. आमच्याकडे एक आहे, तिला आम्ही भिंत म्हणतो. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला आहे, ओल्या चादरींचे गठ्ठे दोन्ही काखांत घेऊन जिना चढते. शाळेत तिला कुठल्याच खेळात घेतलं नाही, धावायला लावून हसायचे. आता ती स्क्रममध्ये माझ्या उजव्या खांद्याला असते. स्क्रम म्हणजे दोन्हीकडच्या आठ-आठ जणी एकमेकींत खांदे अडकवून समोरासमोर रेटतात ते. भिंत शेजारी असली की मला वाटतं, पाठीमागे घर आहे. आणि दुसरी टाचणी, शिंपीण, उंची माझ्या कानापर्यंत. ती त्या सोळा जणींच्या पायातून बॉल काढून घेते आणि बाहेर पाठवते. भिंत टाचणीचं काम करू शकत नाही, टाचणी भिंतीचं करू शकत नाही, आणि दोघींशिवाय माझं पान हलत नाही.

तिसरं, रेफरीशी फक्त कप्तानानं बोलायचं, तेही सभ्यपणे. बाकीच्यांनी तोंड मिटून मागे दहा पावलं जायचं. तुमच्या फुटबॉलमध्ये अकराच्या अकरा त्याच्या अंगावर धावून जातात, ते तुम्ही किती रंगवून सांगायचात!

शंभराहून जास्त देशांत हा खेळ खेळतात. ऑलिम्पिकमध्ये सात-सात जणींचा होतो. आणि आपल्याकडे मी काल पेपरच्या ऑफिसात गेले, तर क्रीडा विभागाचे प्रमुख म्हणाले, "निकाल लागला की तीन ओळी टाकू." मी म्हटलं, "सामना आठला आहे, आधी टाका, म्हणजे लोक येतील." तर म्हणाले, "लोकांना आवड असती तर टाकलं असतं." मी म्हटलं, "आणि कळलंच नाही तर आवड कुठून येणार?" त्यांनी घड्याळ बघितलं. मी खुर्चीवरून उठले नाही. शेवटी त्यांनी सहा ओळी कबूल केल्या आणि फोटोचं बघू म्हणाले. तुमची मुलगी आहे हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित दहा मिळाल्या असत्या.

तुम्ही हो म्हणाल तर गच्चीवर तुमच्यासाठी पाठ टेकायची खुर्ची आणते. कंबरेचं मला माहीत आहे.

२० फेब्रुवारी

बाबा,

सगळं उत्तम चाललंय. काल सराव झाला. हवा छान होती. तुमच्या खुर्चीचं ठरवलंय. एक्स-रे विभागात गर्दी आहे, रोजचीच. ट्यूबलाइट फार प्रखर बसवल्यात आमच्या खोलीत, डोळ्यांना त्रास होतो, बदलायला सांगणार आहे.

माईक दोन आहेत. तुमच्यासाठी खुर्ची आणते, पाठ टेकायची.

जास्त लिहीत नाही. लवकर झोपते आहे. सगळं उत्तम.

२५ फेब्रुवारी

बाबा,

मागचं पत्र फाडून टाका. खोटं होतं. खुर्चीचं मी दोनदा लिहिलं हे पाकीट पेटीत टाकल्यावर माझ्या लक्षात आलं, आणि आधी लिहिलेलं आठवतच नव्हतं.

एकोणीसला सरावात एक टॅकल, म्हणजे बॉलवालीला धरून पाडणं, मी चुकीचा केला. डोकं बाजूला घ्यायचं ते समोर राहिलं आणि आमच्याच एकीच्या गुडघ्यावर आदळलं. क्षणभर काळोख. उठले, हसले, "काही नाही गं," म्हटलं आणि खेळत राहिले. घरी येऊन ओकले. दुसऱ्या दिवशी कामावर गेले. मी लोकांची हाडं बघणारी बाई, स्वतःच्या डोक्याचा फोटो गुपचूप काढून घेतला आणि काही दिसत नाही म्हणून स्वतःची समजूत घातली. मेंदूला बसलेला हादरा एक्स-रेत दिसत नसतो, हे मी रोज पेशंटच्या नातेवाइकांना सांगते.

दोन दिवस लपवलं. का, ते तुम्हाला सांगायला नको. आठ मार्च. आणि दुसरं कारण तुम्ही. मला वाटलं, बाबांना हेच हवंय. "सांगितलं होतं ना," म्हणायला.

तिसऱ्या दिवशी टाचणीनं ओळखलं. तिच्या दुकानात मी जर्सी आणायला गेले होते. ती म्हणाली, "महिने उलट्या क्रमानं म्हणून दाखव. डिसेंबर, नोव्हेंबर, पुढे?" मी ऑगस्टला अडकले. तिनं कात्री खाली ठेवली. "तू कोचबाईंना सांगतेस की मी सांगू?"

मी म्हटलं, "टाचणे, सामना दोन आठवड्यांवर आलाय."

"सामन्याला तू नसलीस तर आम्ही हरू," ती म्हणाली. "जगात पहिल्यांदा कोणी हरणार नाहीये."

मी स्वतःच सांगितलं. कोचबाई ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. डॉक्टरांकडे नेलं. आठ मार्च गेला. किमान तीन आठवडे अंगाला अंग लावायचं नाही, मग एकेक पायरी चढत परत, आणि प्रत्येक पायरीवर डॉक्टरांची सही. रग्बीचाच नियम आहे हा. कप्तान असो, कोणी असो.

म्हणजे बाबा, तुमचं बरोबर होतं, या खेळात लागतं. हे मी तुम्हाला लिहून देते आहे, जपून ठेवा. पण हेही लिहून घ्या, की खोटं बोलत होते ती मी, खेळ नाही. खेळानं मला पकडून बाहेर बसवलं. लोक बघत असते, समजून घेत असते, तर असं लपवणं आणखी कठीण झालं असतं. अंधारात खेळलेल्या खेळात जास्त लागतं.

माझी विनंती तीच आहे. उलट आता जास्त आहे.

३ मार्च

बाबा,

काल आत्या एकटीच येऊन गेली. तुम्हाला दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगून आली होती, हे आता फुटलं तर माझ्या माथी मारू नका. दारातच माझं डोकं दोन्ही हातांनी धरून खरबूज बघावं तसं बघितलं. मग बसली आणि म्हणाली, "मी वकील होणार नाही म्हटलं होतं. साक्षीदार व्हायला हरकत नाही ना?"

आणि तिनं सांगितलं.

सहा वर्षांपूर्वी, माझ्या दुसऱ्याच सामन्याला, तुम्ही आला होतात. मला न सांगता. रेडिओच्या कामाची छोटी वही खिशात होती. तुम्ही स्टेशनच्या साहेबांकडे रग्बीसाठी अर्धा तास मागितला होता आणि नमुन्याला काहीतरी लिहून न्यायचं होतं. पहिल्या अर्ध्यात मी पडले, श्वास अडकला होता, दोन मिनिटं उठले नाही. मला तर तो प्रसंग आठवतही नाही, इतका किरकोळ होता. तुम्ही मात्र उठून बाहेर गेलात, आणि आत्याला फोन केलात. तीस वर्षं जे समोर दिसतं ते बोलत आलो, तुम्ही म्हणालात, आज समोर दिसत होतं आणि तोंडातून शब्द निघेना. नंतर साहेबांना तुम्हीच नको म्हणून कळवलंत.

आणि मी भर सभेत, तुमच्या निरोपाला, तुमच्या चाळीस सहकाऱ्यांसमोर माईक हातात घेऊन म्हटलं, "माझ्या वडिलांनी जगातल्या प्रत्येक खेळाला आवाज दिला, फक्त मुलीच्या खेळाला एक मिनिट दिलं नाही." लोक हसले होते, बाबा. मला तेव्हा ते हसणं बरं वाटलं होतं. हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. तुम्ही खाली बघत होतात. दुसऱ्या महिन्यात तुम्ही आत्याकडे राहायला गेलात, आणि मी लोकांना सांगत राहिले, की बाबांना तिकडची हवा मानवते.

ते मी बोलायला नको होतं. तिथं नाही, तसं नाही. माफ करा. पहिल्या पत्रात हे लिहायला हवं होतं, पण तेव्हा मला माझंच म्हणणं खरं करायचं होतं.

आता यानंतर मी तुम्हाला गच्चीवर बोलवत नाही. आठ तारखेला माईकवर मी बसते. खेळता येत नाही, पण डॉक्टर म्हणाले, डोकं दुखत नसेल तर बोलायला हरकत नाही. मला निवेदनातलं ओ की ठो येत नाही. पण ऐंशी मिनिटं कोणीतरी बोलायला हवं, आणि मला निदान नियम माहीत आहेत.

आत्याच्या फोनवर सामना कसा लावायचा ते तिला शिकवून ठेवलंय. तुम्ही त्या वेळी शेजारच्या खोलीत असाल तर दार लोटून घ्यायची जबरदस्ती नाही.

९ मार्च

बाबा,

आम्ही हरलो. सतरा-एकोणीस. म्हणजे दोन गुणांनी, आणि दुसरा सामना बाकी आहे, म्हणजे अजून काहीही हरलेलो नाही.

सकाळपासून सांगते. टाचणीनं तिच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पिशवीत चिठ्ठी घातली होती. भिंतीनं हॉस्पिटलच्या प्रत्येक मजल्यावर कागद चिकटवला, मेट्रननं फाडला की दुसरा. संघातली एक बस चालवते, तिनं आठवडाभर शेवटच्या थांब्यावर दार उघडायच्या आधी ओरडून सांगितलं, "रविवारी रग्बी, चार वाजता, तिकीट नाही!" तर मैदानावर चारशेच्या वर माणसं आली. सचिव आले होते, ते खुर्च्या मोजत होते. मी त्यांना मोजू दिलं.

गच्चीवर वारा होता, कागद उडत होते. कॅमेरावाल्या बाईंना आयुष्यभर हसऱ्या माणसांच्या मागे फिरायची सवय. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी तीनदा प्रेक्षकांतल्या नटलेल्या बायका दाखवल्या. मी माईक झाकून म्हटलं, "बॉल दाखवा, बॉल!" त्या म्हणाल्या, "तो दिसला तर दाखवीन ना!"

मी फार बोलले. धापा टाकत बोलले. हळूहळू जमायला लागलं. एकीनं बॉल रेषेपलीकडे जमिनीला टेकवला की पाच गुण, त्याला ट्राय म्हणतात, आणि मग खांबांच्या मधून लाथेनं मारला की आणखी दोन, असं सांगत गेले. पडद्यावर किती लोक बघताहेत त्याचा आकडा कोपऱ्यात दिसतो. सुरुवातीला नव्वद होते. मध्यंतराला तीनशे. लोक प्रश्न लिहायला लागले, 'मागेच का देतात?' आणि मी उत्तरं द्यायला लागले.

मग पन्नासाव्या मिनिटाला टाचणी पडली.

बॉल ढिगाऱ्यातून काढायला वाकली आणि वरून दोघी आल्या. सगळ्या उठल्या, ती उठली नाही. उताणी होती. एक हात असा बाजूला. मी वरून बघत होते, मला सगळं स्पष्ट दिसत होतं, कोण धावलं, कोण पाणी आणतंय, भिंत गुडघ्यांवर बसून तिच्यावर सावली धरतेय. माईक माझ्या तोंडासमोर होता. हजार वाक्यं सांगता आली असती. एकही आलं नाही.

किती वेळ ते मला माहीत नाही. कॅमेरावाल्या बाई माझ्याकडे वळून बघत होत्या. मला त्या वेळी टाचणी दिसत होती आणि सहा वर्षांपूर्वीचे तुम्ही दिसत होतात, खिशात वही घेऊन उठणारे.

मग तिनं गुडघा वर घेतला. मी माईकमध्ये म्हटलं, "ती पाय हलवतेय." एवढंच. आवाज फाटला होता.

खांदा निखळला होता. स्ट्रेचरवरून जाताना तिनं चांगल्या हातानं हात हलवला, तर बघा बाबा, पाहुण्या संघाच्या पंधराही जणी उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. जिच्या अंगाखाली ती सापडली होती ती मुलगी रडत होती, आणि भिंत तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. आमच्या भिंतीनं त्यांच्या मुलीची समजूत काढली आणि पुढच्याच मिनिटाला स्क्रममध्ये तिलाच तीन पावलं मागे रेटलं. मी हे माईकवर सांगितलं. यापेक्षा चांगलं या खेळाबद्दल मला सांगता यायचं नाही.

शेवटच्या मिनिटाला आम्ही ट्राय केला. सतरा झाले. लाथ बसली असती तर बरोबरी. बस चालवणारी उभी राहिली, कडेला, फार तिरका कोन. बॉल खांबाला लागून बाहेर गेला. चारशे माणसांचा एकच 'अरेरे'. असा 'अरेरे' आम्हाला कधी मिळाला नव्हता. आजवर आमचे बॉल खांबाला लागायचे ते फक्त आम्हालाच ऐकू यायचे.

आकडा तेव्हा अकराशे होता. सचिव म्हणाले, "एप्रिलचा सामना होऊन जाऊ दे, मग बोलू." त्यांनी चहा मागवला नाही. हे चांगलं लक्षण आहे.

त्या अकराशेत आत्याचा फोन होता का, ते मी विचारलेलं नाही.

२४ मार्च

बाबा,

तुमचं पत्र मिळालं. तीन वर्षांनी तुमचं अक्षर बघितलं, आणि वरती ना माझं नाव ना काही, सरळ 'चुका' असं लिहून खाली रेघ. मी खुर्चीत बसून इतकी हसले, की शेजारची विचारायला आली.

चुका सगळ्या कबूल. 'आता' हा शब्द मी दोनशे अकरा वेळा वापरला, हे तुम्ही मोजलंत याचा अर्थ तुम्ही एकदा ऐकून थांबला नाहीत. गुण दर पाच मिनिटांनी सांगायचे, उशिरा येणारा माणूस असतोच, हे पटलं. लोक ओरडत असताना निवेदकानं गप्प राहायचं, हेही. खेळाडूंना टोपणनावांनी हाका मारल्या त्याबद्दल तुम्ही 'घरगुती' असा शेरा दिलाय. त्यावर मी ठाम आहे. 'भिंत' हे नाव अकराशे लोकांना लक्षात राहिलं, तिचं खरं नाव सचिवांनाही माहीत नाही.

पन्नासाव्या मिनिटाबद्दल तुम्ही लिहिलंय, "तिथं तेवीस सेकंद शांतता होती. त्यावर मला काही म्हणायचं नाही." तेवढं वाक्य मी टाचणीला वाचून दाखवलं. तिनं ते परत वाचायला लावलं.

आता तुमची अट. तुम्ही लिहिता, "बारा एप्रिलला मी माईकवर बसेन, पण तू मैदानावर नसशील तरच. तुझी तब्येतही तेच सांगते."

नाही, बाबा.

माझी तब्येत काय सांगते ते डॉक्टर सांगतील. त्यांनी काल चौथ्या पायरीवर सही केली. अजून दोन उरल्यात. त्यातली एक जरी चुकली तर मी स्वतःहून गच्चीवर येऊन बसेन, लपवणार नाही, शब्द देते. पण दोन्ही झाल्या तर मी खेळणार. दोन नंबरची जर्सी, भिंतीच्या शेजारी. दोन गुणांनी मागे आहोत आणि टाचणी नाही. तुम्हाला भीती वाटते म्हणून मी बाहेर बसायचं, तर मग संघच बंद करू म्हणणाऱ्या सचिवांचं काय चुकलं?

आणि तुम्हीही यायचं. मी नसताना तुम्ही बोललात तर तो तुमच्या बाकीच्या खेळांसारखाच आणखी एक होईल. मला तो नकोय. ज्याचं माणूस मैदानात आहे, ज्याला सगळं कळतंय आणि तरी बोलायचंय, असा माणूस माईकवर असला की ऐकणाऱ्याला कळतं, हा खेळ बघण्यासारखा का आहे. आमच्या प्रत्येकीचं कोणी ना कोणी असंच जीव मुठीत धरून कुठंतरी बसलेलं असतं. त्यांच्यासाठी आजवर कोणी बोललेलं नाही.

तुम्ही आला नाहीत तर माईक बंद राहणार नाही. आत्या बसायला तयार आहे. टाचणीचा हात गळ्यात असल्यामुळे तिला वेळच वेळ आहे, ती रोज फोनवर आत्याला नियम शिकवते. आत्याचं म्हणणं, यात अवघड काही नाही, रेफरी चुकला की आपण सांगायचं. तिला एकदा बोलायला बसवली की ऐंशी मिनिटांत उठवणार कोण, ते मला माहीत नाही.

निर्णय तुमचा. माझा झालाय.

— तुमची मुलगी

६ एप्रिल

चि. मुलीस,

तुझ्या आत्याच्या हातात माईक देऊ नये. तिनं काल जेवताना मला ऑफसाइड समजावलं आणि ते चूक होतं, हे मी पुस्तक आणून ताडून पाहिलं.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं येतो. स्टेशनवर कोणी यायची गरज नाही. शनिवारी मला मैदान मोकळं असताना बघायचं आहे, कोणत्या बाजूनं ऊन येतं, कोणते नंबर लांबून वाचता येतात. त्या भिंतीशी आणि बाकीच्यांशी माझी अर्धा तास भेट घालून दे. नावं कानावर पडलेली बरी. टोपणनावं चालतील.

डॉक्टरांच्या शेवटच्या दोन सह्या मला कागदावर दाखवायच्या.

मी बरं बोलेन असं धरून चालू नकोस. वय झालंय, आणि खेळ नवा आहे. कॅमेरावाल्या बाईंना एक सांगून ठेव. तू पडलीस तर मी बोलणार नाही. माईक चालू राहू दे. तू उठलीस की मी पुढचं सांगेन.

— बाबा